लाइट आली नव्हती, तो आमचा जनरेटर होता

पावसाळ्यात लाइट गेली की जनरेटरची वायर घरातल्या प्लगमध्ये खोचायची, हा जुगाड अनेक घरांत चालतो. हरसूलला आमच्या घरी तो एका संध्याकाळी जिवावर बेतता बेतता राहिला. त्यानंतर भिंतीवर बसलेल्या एका छोट्या पॅनलची ही गोष्ट.

"लाइट आली, लाइट आली!" शेजारच्या ओट्यावरून पोरं ओरडली. दोन दिवसांनी त्यांच्या पडवीतला बल्ब लागला होता. जरा मंदच होता, पण लागला होता. आम्हीही खूश झालो. काकांच्या दुकानात बसलेल्या आठ-दहा जणांनी तर टाळ्याच वाजवल्या.

फक्त एक गोष्ट विचित्र होती. अंगणातला आमचा जनरेटर एकदम कण्हायला लागला होता, चढाला लागलेल्या टेम्पोसारखा.

पाच मिनिटांनी चिखल तुडवत वायरमन भाऊ दारात आले. रेनकोट, कमरेला पट्टा, हातात टेस्टर. त्यांनी नमस्कार केला नाही की काही विचारलं नाही. "काका, आधी मेन स्विच पाडा," एवढंच म्हणाले. काकांनी मेन पाडला, आणि शेजारचा बल्ब विझला.

तेव्हा आम्हाला कळलं. लाइट आलीच नव्हती. शेजारचा बल्ब आमच्या जनरेटरवर लागला होता. आणि भाऊ ज्या खांबावर चढणार होते, त्याच्या तारेतही आमच्याच जनरेटरचा करंट होता.

"मी वर असतो तर?" भाऊ म्हणाले. काका काहीच बोलले नाहीत.

त्या दिवशी नेमकं झालं काय?

हरसूल म्हणजे नाशिकहून गिरणारे आणि वाघेरा घाट ओलांडून पलीकडे, त्र्यंबकेश्वर तालुक्यात, गुजरातच्या सीमेजवळ. जुलैत इथे झड लागली की थांबायचं नाव घेत नाही. भात आणि नागलीच्या आवणीला हा पाऊस हवाच असतो, पण विजेच्या तारांना तो सोसत नाही. डोंगरातून, झाडीतून आलेली लाइन. एक फांदी पडली की गाव अंधारात.

गेल्या पावसाळ्यात असंच झालं. झाड पडलं, खांब वाकला, आमच्या गल्लीकडे येणारी तार तुटली. घाटापासून ठिकठिकाणी बिघाड, त्यामुळे आमच्या गल्लीचा नंबर लागायला दोन दिवस गेले. आणि वेळ कोणती? अॅडमिशन आणि स्कॉलरशिपच्या फॉर्मची. काकांचं ऑनलाइन फॉर्म भरायचं छोटं दुकान घराच्या पुढच्या खोलीत आहे. पाड्यांवरून पोरं-पोरी भिजत येऊन बसलेली. कोणाची तारीख उद्या संपणार, कोणाचा ओटीपी येऊन पडलेला पण मोबाइल बंद.

काकांनी मांडववाल्याकडून पेट्रोलचा छोटा जनरेटर मागून आणला. मग अनेक ठिकाणी करतात तेच केलं. एका वायरच्या दोन्ही टोकांना पिनटॉप लावले. एक टोक जनरेटरमध्ये, दुसरं टोक खोलीतल्या पॉवर प्लगमध्ये. मेन स्विच पाडलेला. अख्ख्या घराच्या वायरिंगमध्ये करंट खेळला, दिवे लागले, फॉर्म भरणं सुरू झालं. आम्ही काकांना जीनियस म्हणून मोकळे!

संध्याकाळी माझ्या चुलत भावाने "लाइट आली का बघू" म्हणून मेन स्विच वर केला. बस, एवढंच. त्याने काही अचाट केलं नव्हतं. अशा वेळी कोणीही हेच केलं असतं. पण मेन स्विच हा घर आणि खांब यांच्यामधला दरवाजा असतो. तो उघडला, तसा जनरेटरचा करंट घरातून मीटरकडे, मीटरमधून सर्व्हिस वायरकडे आणि तिथून खांबावर गेला. इलेक्ट्रिशियन याला 'बॅकफीड' म्हणतात. आपण त्याला उलटा करंट म्हणू.

ट्रान्सफॉर्मरला दिशा कळत नाही

इथे थोडं बारावीचं फिजिक्स आठवा. गावात ज्याला आपण 'डीपी' म्हणतो, तो ट्रान्सफॉर्मर 11 हजार व्होल्टची वीज उतरवून घरापर्यंत सुमारे 230 व्होल्टवर आणतो. पण ट्रान्सफॉर्मर म्हणजे लोखंडी गाभ्यावरची दोन वेटोळी. वीज कोणत्या बाजूने आली याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. इकडून 230 व्होल्ट घुसवले तर तिकडच्या टोकांवर दहा हजार व्होल्टच्या आसपास दाब तयार होऊ शकतो. म्हणजे घरातला छोटा जनरेटर, ज्याला आपण 'दोन बल्ब आणि पंख्याचं यंत्र' समजतो, तो दूरच्या हाय टेन्शन तारेतही जीव ओतू शकतो.

यावर काकांचा एक प्रश्न होता, आणि तो बरोबर होता. "एवढासा जनरेटर, अख्ख्या गावाचा लोड आला तर बसेल ना तो लगेच?" बहुतेक वेळा बसतोच. लोड झेपत नाही, ब्रेकर पडतो किंवा इंजिन बंद होतं. म्हणूनच हा जुगाड वर्षानुवर्षं 'चालतो' असं वाटतं. पण तार तुटलेली असेल, तर आपल्या बाजूला फक्त तीन-चार घरं उरतात. तेवढा लोड जनरेटर आरामात ओढतो. त्या दिवशी आमच्याकडे तेच झालं. आणि वायरमन नेमका कुठे काम करायला येतो? जिथे तार तुटलीय तिथेच. जनरेटर जिथे सर्वांत जास्त वेळ टिकतो, तिथेच माणूस खांबावर चढतो.

शिवाय मारायला दहा हजार व्होल्ट लागत नाहीत. पावसात भिजलेल्या अंगाला 230 पुरतात.

दुसरा धोका आपल्या स्वतःच्या खिशाला. उलटा करंट चालू असताना खरी लाइट आली, तर दोन वेगवेगळे पुरवठे एकमेकांवर आदळतात. त्यांचा ताल जुळलेला नसतो. जनरेटर जळतो, वायरिंग तापतं, आग लागू शकते. तिसरा धोका त्या दोन तोंडी वायरचा. जनरेटर चालू असताना घरातलं टोक निसटलं, तर बाहेर दिसणाऱ्या पितळी पिनांमध्ये थेट करंट असतो. एखादं लहान पोर कुतूहलाने ती उचलेल, एवढाच काय तो अवकाश.

फक्त आमच्या गल्लीची गोष्ट नाही

3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं, तेव्हा खांब इतके आडवे झाले की कोकणातल्या कितीतरी गावांत कित्येक दिवस लाइट नव्हती. त्याच वर्षी 12 ऑक्टोबरला ग्रिडमध्ये बिघाड झाला आणि चक्क मुंबईची वीज सकाळी गेली. लोकल थांबल्या, ऑनलाइन परीक्षा अडकल्या. म्हणजे बॅकअपची गरज हा काही 'गावाकडचा' प्रश्न राहिलेला नाही. अमेरिकेत तर मोठ्या वादळानंतर वीज कंपन्या लोकांना बजावतात की जनरेटर थेट घराच्या प्लगला जोडू नका, कारण उलट्या करंटने लाइनमन गेल्याच्या घटना तिथेही घडल्या आहेत.

आपल्या देशात विजेच्या धक्क्याने दरवर्षी दहा हजारांहून जास्त माणसं मरतात. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अलीकडच्या वर्षांच्या अहवालांत हा आकडा दिसतो. त्यातले किती उलट्या करंटचे, याचा वेगळा रकाना तिथे नसतो.

आठवणीवर नाही, खटक्यावर

त्या संध्याकाळनंतर घरात मीटिंग बसली. भावाचं म्हणणं, "मेन स्विचवर पाटी लावू, हात लावू नका म्हणून." काकांचं म्हणणं, "मी स्वतः लक्ष ठेवीन." आजी म्हणाली, "तुला चष्मा कुठं ठेवला ते आठवत नाही."

मुद्दा तिथेच संपला. कारण आमच्या घरची सगळी सुरक्षा एका वाक्यावर टांगलेली होती: मेन स्विच बंद आहे हे सगळ्यांच्या लक्षात राहील. अंधारात, पावसात, गडबडीत, घरात दहा परकी पोरं असताना. त्यामुळे लक्षात ठेवायचं काम माणसाकडून काढून एखाद्या वस्तूकडे द्यायला हवं होतं. त्या वस्तूचं नाव चेंजओव्हर स्विच.

चेंजओव्हर दिसायला साधा असतो. एक हँडल, तीन जागा: 1, 0, 2. 1 वर खांबाची लाइट, 2 वर जनरेटर, 0 वर दोन्ही बंद. आतली रचना अशी की दोन्ही एकाच वेळी चालू होऊच शकत नाहीत. तुम्ही कितीही विसरभोळे असा, कितीही घाईत असा. जनरेटर चालू करायचा तर आधी खांबाशी नातं तुटतंच.

तो घेताना एक गोष्ट बघायची: सिंगल फेज घराला तो 'डबल पोल' हवा, म्हणजे फेज आणि न्यूट्रल दोन्ही तारा तोडणारा. नुसता फेज तोडून न्यूट्रल जोडलेला ठेवला तर खांबाशी एक धागा उरतोच. आणि हो, दुकानात गोंधळ होऊ देऊ नका. गावात डीपी म्हणजे ट्रान्सफॉर्मर, इलेक्ट्रिशियनच्या तोंडी डीपी म्हणजे डबल पोल, आणि आपल्यासाठी डीपी म्हणजे व्हॉट्सअॅपचा फोटो!

काय जगवायचं, काय सोडायचं?

काम करायला परवाना असलेले इलेक्ट्रिशियन मामा नाशिकहून आले. मला वाटलं आल्या आल्या ड्रिल काढतील. त्यांनी वही काढली. "लाइट नसताना तुम्हाला नक्की काय काय लागतं ते सांगा."

कारण पूर्ण घर जनरेटरवर टाकायचं नसतं. फक्त गरजेच्या गोष्टींचे सर्किट वेगळे काढून त्यांचा एक छोटा डीबी, म्हणजे डिस्ट्रिब्युशन बोर्ड, बनवायचा. त्यालाच सबपॅनल म्हणतात. बाकीचं घर अंधारात राहतं आणि ते राहू द्यायचं.

आणि इथे घरात खरी भांडणं झाली. काकांना झेरॉक्स मशीन हवं. भावाला टीव्ही. काकूला मिक्सर. आजीला गोठ्यातला आणि मोरीतला दिवा, बाकी तुमचं तुम्ही बघा.

मग गणित मांडलं. आमचा जनरेटर 2 केव्हीएचा. केव्हीए म्हणजे किलोवॅट नव्हे. पॉवर फॅक्टर 0.8 धरला तर हातात येतात 1600 वॅट. त्यातलेही सतत 80 टक्क्यांच्या वर वापरू नयेत, म्हणजे साधारण 1280. आता यादी: नऊ वॅटचे आठ एलईडी बल्ब, 72. तीन जुने पंखे, प्रत्येकी 75, म्हणजे 225. दोन कॉम्प्युटर, 300. राउटर 12. इंकजेट प्रिंटर 30. पाच मोबाइल चार्जर 75. फ्रिज चालताना 150. बेरीज 864 वॅट. बसलं!

झेरॉक्स मशीन? ते तापताना हजार वॅटच्या वर जातं. बाद. गीझर दोन हजार, बाद. इस्त्री, बाद. पाण्याची मोटरही बाद. ती अर्ध्या एचपीची असली तरी सुरू होतानाच्या क्षणी नेहमीच्या पाच-सहा पट करंट ओढते, जनरेटर तिथेच मान टाकतो. फ्रिजही सुरू होताना असाच झटका देतो, म्हणून नियम ठरला की आधी फ्रिज, मग बाकीचं. मिक्सर गेला, पाटा-वरवंटा आला. आजी जिंकली.

हेच गणित हॉस्टेलच्या रूमवर किंवा भाड्याच्या फ्लॅटमध्ये इन्व्हर्टर घेतानाही लागतं. वॅट बघा, बेरीज करा, सुरू होतानाचा झटका धरा. कागद-पेन आणि पाच मिनिटं, बस.

भिंतीवरची वायर कशी फिरली

पुढचं मी शेजारी उभं राहून बघितलं. करायला घेऊ नका, पण समजून घ्या, म्हणजे घरी काम करून घेताना प्रश्न विचारता येतील.

मीटर आणि मेन स्विचपाशी काहीच छेडलं नाही. मीटरचं सील आपलं नसतंच. शिवाय मेन स्विच पाडला तरी मीटरकडून येणारी त्याची टोकं जिवंत असतात, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. मोठ्या बोर्डमधून एका एमसीबीमार्गे वायर निघाली आणि चेंजओव्हरच्या 1 नंबरला आली. 2 नंबरला आली जनरेटरकडची वायर, तिच्या वाटेवर जनरेटरच्या ताकदीला साजेसा वेगळा एमसीबी. मधल्या टोकांवरून वायर गेली छोट्या डीबीला. डीबीत आधी 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी, मग एकेका सर्किटचे एमसीबी: दिवे-पंखे, दुकान, फ्रिज. एमसीबी वायरिंगला वाचवतो, आरसीसीबी माणसाला. करंट अंगातून जमिनीत जायला लागला की तो पडतो.

सगळ्यात जास्त वेळ गेला न्यूट्रलमध्ये. आमच्या जुन्या वायरिंगमध्ये सगळ्या खोल्यांचे न्यूट्रल एकाच गाठीत बांधलेले. नुसता फेज नव्या डीबीत आणला आणि न्यूट्रल जुन्याच बोर्डात राहिला, तर जनरेटरवर दिवा लागणारच नाही, नाहीतर आरसीसीबी सारखा पडत राहील. मग लोक वैतागून आरसीसीबीच काढून टाकतात! म्हणून प्रत्येक गरजेच्या सर्किटचा न्यूट्रल शोधून, सोडवून, त्याच्या फेजसोबत नव्या डीबीत आणावा लागला. इन्व्हर्टर बसवल्यावर 'उगाच ट्रिप होतं' अशी तक्रार असेल, तर तिथेही पहिला संशय यावरच घ्या.

अर्थिंगची तार मात्र चेंजओव्हरमधून जात नाही. ती कधीच तुटता कामा नये. डीबीची पेटी, चेंजओव्हरची पेटी, जनरेटरची बॉडी, सगळं एकाच चांगल्या अर्थिंगला जोडलं. छोट्या डीबीत न्यूट्रल आणि अर्थिंग यांच्या पट्ट्या वेगवेगळ्या, त्यांची गाठ तिथे मारायची नाही. जनरेटरचा न्यूट्रल कसा अर्थ करायचा ते त्याचं मॅन्युअल बघून ठरलं, कारण तो नीट नसेल तर आरसीसीबी शोभेचा उरतो.

शेवटी ती दोन तोंडी वायर. मामांनी ती काकांच्या हातात दिली आणि कापायला लावली. तिच्या जागी बाहेरच्या भिंतीवर झाकणाचा इनलेट बसला. नियम सोपा: ज्या बाजूकडून करंट येतो तिथे भोकं, ज्या बाजूला करंट जातो तिथे पिना. मग पिना उघड्या पडल्या तरी मेलेल्याच असतात.

सगळं सामान आणि मजुरी मिळून दहा हजारांच्या आत झालं. माझा फोन याहून महाग आहे.

धूर दिसत नाही, तोच मारतो

वायरिंग झालं तरी जनरेटर कुठे ठेवायचा हा प्रश्न राहतो, आणि आपल्याकडच्या पावसात तो फार मोठा आहे. मशीन भिजू नये म्हणून माणसं ते पडवीत, जिन्याखाली, कधी थेट खोलीत घेतात. पेट्रोल इंजिनच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला ना रंग ना वास. डोकं दुखतं, गुंगी येते, झोप लागली की संपलं. फेब्रुवारी 2021 मध्ये टेक्सासमध्ये बर्फवृष्टीने वीज गेली तेव्हा शेकडो लोकांना या वायूने दवाखान्यात नेलं आणि काहींचा जीव गेला. त्यातल्या बऱ्याच घरांत जनरेटर आत किंवा गॅरेजमध्ये चालू होता.

म्हणून जनरेटर घराबाहेर, दार-खिडक्यांपासून निदान वीस फुटांवर, धुराचं तोंड घराच्या उलट्या दिशेला. आम्ही अंगणाच्या टोकाला चार खांबांवर पत्रा टाकला, चारही बाजू मोकळ्या. आणि गरम इंजिनमध्ये पेट्रोल ओतायचं नाही. आधी बंद, मग थंड, मग पेट्रोल.

सोलरवाले का सुटले?

फेब्रुवारी 2024 मध्ये पीएम सूर्यघर योजना सुरू झाल्यावर छतावरच्या सोलरची चर्चा कॉलेज कट्ट्यावरही आली. अनेकांची तक्रार असते, "घरावर सोलर आहे, ऊन आहे, तरी लाइट गेली की सोलर पण बंद! मग उपयोग काय?" त्याचं उत्तर हीच गोष्ट आहे. ग्रिडला जोडलेला सोलर इन्व्हर्टर ग्रिड मेलेला दिसला की स्वतःहून थांबतो, म्हणजे खांबावरच्या माणसाकडे करंट जाणार नाही. ही अक्कल त्याच्यात कारखान्यातच घातलेली असते. पेट्रोलच्या जनरेटरमध्ये ती नसते. ती आपण भिंतीवर बसवायची असते.

घरी सांगायच्या पाच गोष्टी

1. जनरेटरची वायर घरातल्या प्लगमध्ये कधीच खोचायची नाही. पॅनल नसेल तर चांगली एक्स्टेंशन घ्या आणि बल्ब, चार्जर थेट जनरेटरवर चालवा. घराच्या वायरिंगला हात नको.

2. काम परवानाधारक विद्युत ठेकेदाराकडूनच करून घ्या. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या 2023 च्या सुरक्षा विनियमांचीही तीच अट आहे. घरातल्या वायरिंगचं मानक आयएस 732, अर्थिंगचं आयएस 3043. ही दोन नावं घेऊन प्रश्न विचारा, समोरचा माणूस किती पाण्यात आहे ते लगेच कळतं.

3. घरी जनरेटर आहे हे वीज कंपनीच्या स्थानिक कार्यालयाला आणि आपल्या वायरमनला सांगून ठेवा.

4. आरसीसीबीवरचं 'टेस्ट' बटण महिन्यातून एकदा दाबा. पडला नाही तर तो बदला.

5. तार तुटलेली दिसली तर लाइट गेलेली असली तरी जवळ जाऊ नका, ती कोणाच्या तरी जनरेटरवर जिवंत असू शकते. 1912 ला फोन करा.

पुढची झड

पॅनल बसल्यावर महिन्याभरात परत लाइट गेली. भावाने हँडल 1 वरून 0 वर आणलं, अंगणात जाऊन जनरेटर सुरू केला, तो स्थिर होऊ दिला, मग हँडल 2 वर. दुकानातले दिवे लागले. गल्लीत मात्र सगळा अंधार. शेजारच्या पोरांनी विचारलं, "लाइट आली का?" भाऊ म्हणाला, "नाही, आमचीच आहे. मोबाइल आणा चार्जिंगला." त्या रात्री काकांच्या टेबलावर चौदा मोबाइल होते, आजीने मोजले.

दुसऱ्या दिवशी वायरमन भाऊ आले. जनरेटरचा आवाज ऐकून सरळ घरात शिरले. हँडल बघितलं, 2 वर होतं. स्वतः हाताने 1 कडे ढकलून बघितलं. वाटेत 0 लागतो, त्याशिवाय जाताच येत नाही, याची खात्री केली. परत 2 वर आणलं. "बरं केलंत," म्हणाले आणि आजीने दिलेला चहा उभ्या उभ्या प्यायले.

मग खांबाशी गेले. तरीही टेस्टर लावला. तरीही तारांना अर्थिंगचा रॉड लावला. गल्लीत दुसऱ्या कोणाकडे जनरेटर असेल, त्यांना काय माहीत?

आणि मग वर चढले.